बाबांच्या कॉम्प्युटरवर धोक्याच्या सूचना येताहेत. खऱ्या कोणत्या, खोट्या कोणत्या?

सांजवात
नमस्कार. जरा घाईत लिहितेय, पण सगळं नीट सांगायचा प्रयत्न करते.

आई-बाबा चिपळूणजवळ गावी असतात, मी बंगळुरूला. बाबा ७४ वर्षांचे, जिल्हा परिषदेतून निवृत्त. घरी दहा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप आहे, विंडोज १०. बँक, विजेचं बिल, सातबारा हे सगळं ते स्वतः करतात. पण त्यांचा खरा जीव दुसऱ्याच गोष्टीत आहे. आजी जात्यावर ओव्या म्हणायची, त्या बाबांनी कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. दोन वर्षांपासून ते एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेताहेत. अकरा झाल्या, चार उरल्यात.

गेल्या तीन आठवड्यांत स्क्रीनवर चार तऱ्हेच्या सूचना यायला लागल्या. पहिली, उजव्या कोपऱ्यात खाली छोटी चौकट: तुमच्या पीसीमध्ये ५ व्हायरस सापडले, ताबडतोब साफ करा. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. दुसरी एकदाच आली, गेल्या आठवड्यात, पण तीच सगळ्यांत भयंकर. अख्खी स्क्रीन निळी झाली, भोंगा वाजायला लागला, एक बाई इंग्रजीत सांगत होती की कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा. माऊसही हलेना. तिसरी, बँकेची साइट उघडली की साइट उघडतच नाही, वर लाल खूण आणि असुरक्षित असल्याचा काहीतरी मजकूर. चौथी, विंडोजचा सपोर्ट संपला आहे, असं सांगणारी मोठी पाटी.

बाबांनी भोंगा वाजल्यावर थेट भिंतीवरचं बटण बंद केलं. तेव्हापासून काम झालं की बोर्डावरूनच बंद करतात आणि वर चादर टाकून ठेवतात. मला चार दिवस काही सांगितलंच नाही. आईला म्हणाले, माझ्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं. हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

गावातले दुरुस्तीवाले म्हणतात, फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं, ८०० रुपये. मारू का? ओव्या जातील का? या चारपैकी खरं काय आहे?

चहाबाज
फॉरमॅट मारू नका!! बाकीचं जाणकार सांगतीलच.

घाटमाथा
ताई, कोल्हापुरात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, सतरा वर्षं हेच करतोय. चहाबाज म्हणतात ते बरोबर. फॉरमॅट हा शेवटचा उपाय. आपल्याकडे तो पहिला सांगतात, कारण त्यात डोकं लावावं लागत नाही.

सगळ्यात आधी ओव्या. बाबांना म्हणावं, नेटची वायर काढा, मग कॉम्प्युटर चालू करा आणि ओव्यांचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. जमलं तर दोन पेनड्राइव्हवर, आणि एक शेजारच्या घरी ठेवा. हे झाल्याशिवाय पुढचं काही करू नका. मूळ कॅसेटही टाकू नका.

आता मला तीन गोष्टी हव्यात. कोपऱ्यातली चौकट आली की मोबाइलवर तिचा फोटो काढायचा, चौकटीत सर्वांत बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते दिसलं पाहिजे. बँकेच्या साइटवरच्या पाटीचाही फोटो, सगळी वाक्यं येतील असा. आणि बाबांनी तो नंबर फिरवला का? रागावून नाही, सहज विचारा.

निर्भीड२१
स्पष्टच बोलतो. ज्यांना कळत नाही त्यांनी बँकेचे व्यवहार कॉम्प्युटरवर करूच नयेत. शाखेत जावं, रांगेत उभं राहावं. म्हाताऱ्या माणसांच्या हातात नेट देऊन मग रडायचं कशाला?

मोगरा
निर्भीड, तुमचं वाक्य वाचून दोन मिनिटं थांबले, मग लिहायला बसले.

२०२३ मध्ये माझ्या आईने तो नंबर फिरवला होता. ती गणिताची शिक्षिका होती, हिशेबात आजही माझ्यापेक्षा पक्की आहे. तिला ‘कळत नाही’ असं म्हणायची हिंमत आमच्या घरात कोणाची नाही. भोंगा, लाल अक्षरं, बँकेचा तपशील चोरीला जातोय असं सांगणारा आवाज. त्या क्षणी माणूस विचार करत नाही, फक्त ते थांबवायला बघतो. पलीकडचा मुलगा हिंदीत अतिशय आदराने बोलत होता. त्याने एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवता येतो ते ॲप) टाकायला लावलं, ‘तपासणीसाठी’ बँकेत लॉगिन करायला लावलं. ६२,००० रुपये गेले.

पण मला पैशांबद्दल सांगायचं नाहीये. तिने नऊ दिवस आम्हाला सांगितलं नाही. नऊ दिवस! पहिल्याच तासात कळलं असतं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून रक्कम पुढच्या खात्यात अडवता आली असती. सांगितलं नाही, कारण दादा काय म्हणेल याची तिला भीती होती. दादा अगदी तुम्ही बोललात तेच म्हणाला असता.

सांजवात, बाबांनी चौथ्या दिवशी सांगितलं ना, फार चांगलं झालं. त्यांना तसं बोलूनही दाखवा.

वडाची_पारंबी
मोगरा, अनुमोदन. डोळ्यात पाणी आलं.

सांजवात
मोगरा, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, ह्यांनाही ऐकव. ऐकवला. बाबा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतःहून फोन करून फोटो पाठवले.

घाटमाथा, नंबर फिरवला नव्हता. लिहून मात्र ठेवला होता, कॅलेंडरच्या मागे. आईने तो कागद चुलीत टाकला. ओव्या दोन पेनड्राइव्हवर घेतल्या, एक समोरच्या काकूंकडे दिलाय.

कोपऱ्यातल्या चौकटीत एका नावाजलेल्या अँटिव्हायरसचं चित्र आहे. त्याखाली अगदी बारीक ‘गूगल क्रोम’ आणि एक विचित्र पत्ता, अर्थ न लागणारी अक्षरं आणि शेवटी डॉट एक्सवायझेड. तो अँटिव्हायरस बाबांच्या कॉम्प्युटरवर कधीच नव्हता.

बँकेच्या पाटीवर लिहिलंय: तुमचे घड्याळ मागे आहे.

घाटमाथा
आता पत्ता लागला. एकेक करून सांगतो.

कोपऱ्यातली चौकट हा व्हायरस नाही. ती क्रोमची नोटिफिकेशन आहे. वेबसाइटना अशा सूचना पाठवायची सोय क्रोममध्ये २०१५ पासून आहे. बातम्या, क्रिकेटचा स्कोअर यांसाठी ती बरी. पण एकदा ‘अलाउ’ दाबलं की ती साइट वाटेल ते चित्र आणि वाटेल तो मजकूर पाठवू शकते. अँटिव्हायरसचं चित्र छापायला अँटिव्हायरस असावा लागत नाही. बारीक अक्षरांतला पत्ता मात्र तिला लपवता येत नाही, म्हणून फोटो मागितला होता.

काढायचं कसं: क्रोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके, सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे ‘अलाउड’ या मथळ्याखाली साइटची यादी असेल. तो एक्सवायझेडवाला पत्ता आणि बाबांना न ओळखू येणारे सगळे पत्ते ‘ब्लॉक’ करा. त्याच पानावर वर, साइटनी परवानगी विचारूच नये असाही पर्याय आहे, तो निवडा. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर वापरत असतील तर तिथेही असंच पान आहे.

चौकटीवर मात्र क्लिक करू नका. ‘साफ करा’वर तर नाहीच. तिथून ज्या पानावर नेतात ते बहुतेक तुमच्या त्या भोंग्याचं पान असतं. एक आणि दोन नंबरच्या सूचनांचं मूळ एकच असणार, असा माझा अंदाज.

चहाबाज
पण माझ्याकडे क्रोम बंद असतानाही अशी चौकट यायची. मग तो व्हायरस नाही का?

घाटमाथा
नाही. खिडकी बंद केली तरी क्रोम मागे चालू राहू शकतो. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ या भागात, क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप चालू ठेवण्याचा खटका असतो. तो बंद करा.

शून्यएक
इथे फारसं लिहीत नाही, पण या विषयावर लिहिलंच पाहिजे.

२०१४ साली बीएस्सी झाल्यावर मला एका कॉल सेंटरमध्ये ‘टेक्निकल सपोर्ट’ची नोकरी लागली. गाव आणि कंपनी सांगत नाही. सहाव्या दिवशी सोडली, कारण तोवर शिकवत होते ते काय आहे हे लख्ख कळलं होतं. ते सहा दिवस मी विसरू शकलो नाही. त्यांची पद्धत सांगतो, कोणाच्या तरी आई-बाबांना उपयोगी पडेल.

पहिली युक्ती इव्हेंट व्ह्यूअरची. विंडोज आपल्या कारभाराची नोंदवही ठेवतं, तिचं हे नाव. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, असल्या नोंदी तिथे लाल-पिवळ्या खुणांसह शेकड्यांनी असतात. कोऱ्या करकरीत कॉम्प्युटरवरही असतात. आम्हाला शिकवलं होतं की समोरच्याला त्या खुणा मोजायला लावायच्या. ‘एवढे व्हायरस आहेत, मॅडम.’ मोजता मोजता माणूस घाबरतोच.

दुसरी युक्ती मला सगळ्यांत नीच वाटली. विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायची जी काळी खिडकी असते, तिच्यात ‘असॉक’ ही आज्ञा द्यायला लावायची. तिच्या यादीत तळाशी एक लांबलचक आकडा येतो, ८८८डीसीए६० ने सुरू होणारा. मग म्हणायचं, हा तुमच्या कॉम्प्युटरचा गुप्त लायसन्स नंबर, मी वाचून दाखवतो, जुळतो का बघा. तो जुळतोच, कारण तो जगातल्या प्रत्येक विंडोजवर तोच आहे! ‘सेंड टू’ मेनूतल्या एका फोल्डराशी त्याचा संबंध. समोरच्याला मात्र वाटतं, हा खरंच मायक्रोसॉफ्टचा माणूस, नाहीतर याला माझा नंबर कसा ठाऊक?

सहाव्या दिवशी मला एका आजींचा चालू फोन नुसता ऐकायला बसवलं. त्या मधेच म्हणाल्या, तू किती चांगला मुलगा आहेस, आईला सांग माझा आशीर्वाद. मी हेडफोन ठेवला आणि बसस्टॉपवर आलो.

फ्लॉपीकाका
शून्यएक, सोडलीत ते फार उत्तम केलंत. मनापासून सांगतो.

दूरदेशी
मी न्यू जर्सीला असतो. इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात शनिवारी ज्येष्ठांना कॉम्प्युटरची मदत करतो. दर महिन्याला एक तरी जण असा भोंगा ऐकून आलेला असतो. इथे बँकेऐवजी गिफ्ट कार्ड आणायला लावतात. दुकानात जा, कार्डं विकत घ्या, मागचे आकडे खरवडून फोनवर सांगा. कार्डाचे आकडे सांगितले की पैसे गेले, परत आणायला जवळपास काही मार्ग उरत नाही.

शून्यएक यांच्या प्रतिसादावरून मीरा रोड आठवलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून जास्त लोकांना ताब्यात घेतलं. तिथे सोंग वेगळं होतं, अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचं भासवत. पण सूत्र तेच: आधी घाबरवा, मग फोनवर ठेवा, विचार करायला सवड देऊ नका. बातमी इथे आली त्या आठवड्यात माझ्या शेजारच्या बाईंनी मला विचारलं, हे तुझ्या गावाजवळचं का? मी डोंबिवलीचा. काय उत्तर द्यावं कळेना. ग्रंथालयात जायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

चहाबाज
मग त्या नंबरवर फोन करून त्यांचाच तासभर वेळ खाल्ला तर? मित्र म्हणतो, मजा येते.

शून्यएक
कृपा करून नको. फोन केला की तुमचा नंबर ‘उचलणारा माणूस’ म्हणून यादीत जातो आणि ती यादी पुढे विकली जाते. मग वेगवेगळ्या सोंगांचे फोन चालूच राहतात: कुरियर, पोलीस, वीज तोडणार. घरात ज्येष्ठ असतील तर ते फोन त्यांच्याही हाती लागतात.

फ्लॉपीकाका
थोडं अवांतर, पण विषयाला धरून. नाशकात १९८९ पासून मी कॉम्प्युटर क्लास चालवला. नंबरवाल्या सूचनेची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस ‘ब्रेन’, १९८६ चा, लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला. त्यात त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता! व्हायरसपासून सावध राहा, लसीसाठी आमच्याशी संपर्क करा, अशा अर्थाचा मजकूर. तेव्हा तो नंबर खरोखरीचा होता आणि फोन उचलणारा माणूसही खरा.

आणि आपला अस्सल देशी ‘जोशी’ व्हायरस कोणाला आठवतो? भारतातच १९९० मध्ये सापडला. फ्लॉपीतून यायचा, एरवी गुपचूप बसायचा आणि ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडवून सांगायचा, ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. केलं की पुढे जाऊ द्यायचा. आमच्या क्लासात त्या दिवशी पंधरा मुलं एका ओळीत बसून जोशींना शुभेच्छा देत होती. आणि वर्गातला एक जोशी आडनावाचा मुलगा प्रत्येकाला थँक्यू म्हणत होता.

वडाची_पारंबी
काका, हे भारी आहे! या ५ जानेवारीला ऑफिसातल्या जोशींना हाच मेसेज पाठवते.

टक्स_प्रेमी
बाबांना विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून द्या. विंडोजसाठी केलेले हे प्रकार तिथे चालत नाहीत, कॅसेट उतरवायचं ऑडॅसिटीही तिथे आहे. जुन्या मशीनवर पळतंही छान.

घाटमाथा
टक्सभाऊ, लिनक्स उत्तमच, मीही दुकानात वापरतो. पण दोन गोष्टी. भोंग्याचं पान आणि कोपऱ्यातली चौकट या ब्राउझरमधून येतात, त्या लिनक्सवरही येतील. आणि घाबरलेल्या माणसाचं घर त्याच आठवड्यात बदलू नये. ओव्या पुऱ्या होऊ द्या, मग बघू.

आता तिसरी सूचना, ती मला आवडली. ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ ही क्रोमची अगदी खरी सूचना आहे आणि तिने खरं तेच सांगितलंय. प्रत्येक सुरक्षित साइटला एक प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध. कॉम्प्युटरला आज २०१५ आहे असं वाटत असेल, तर बँकेचं आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नाही. म्हणून तो दार उघडत नाही.

घड्याळ मागे का गेलं? कॉम्प्युटरच्या आत मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किटवर, रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर२०३२. कॉम्प्युटरला वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. कॉम्प्युटर शटडाउन असला तरी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू असेल, तर सेलवर फारसा भार येत नाही. तुमचे बाबा आता बोर्डावरूनच वीज बंद करतात. दहा वर्षांचा सेल, आधीच मरायला टेकलेला, तो गेला. म्हणजे खोट्या सूचनेला घाबरून बटण बंद केलं, त्यातून खरी सूचना आली, आणि ती खोट्यासारखीच दिसली!

सेल तीस-चाळीस रुपयांना मिळतो, घड्याळजीकडेही. वायर काढून, झाकण उघडून पाच मिनिटांचं काम आहे. मग तारीख-वेळ लावायची. नुसती तारीख लावून सेल तसाच ठेवलात, तर पुढच्या वेळी वीज बंद केल्यावर पुन्हा तेच. आणि तारीख बरोबर असतानाही बँकेच्या साइटवर अशी लाल पाटी आली, तर ‘पुढे जा’ कधीच दाबू नका. तिथून मागे फिरायचं.

चहाबाज
हे डोक्यातच आलं नसतं. आमच्या ऑफिसचा एक जुना पीसी रोज सकाळी २०१२ दाखवतो आणि आम्ही रोज तारीख बदलतो. उद्याच सेल आणतो.

मोगरा
सांजवात, भोंग्याचं पान पुन्हा आलं तर काय करायचं हे बाबांना लिहून द्या. आम्ही आईच्या मॉनिटरला कागद चिकटवलाय: एस्केपचं बटण दाबून धर. तेवढ्याने पूर्ण स्क्रीन सुटते आणि वर नेहमीची फुली दिसते. नाहीच सुटली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात क्रोमवर जाऊन ‘एंड टास्क’. पुन्हा क्रोम उघडल्यावर तो ‘आधीची पानं परत आणू का’ विचारतो, तिथे नको म्हणायचं. कागदावर सर्वांत खाली माझा मोबाइल नंबर आहे, मोठ्या अक्षरांत. आई म्हणते, त्या पानावर नंबर होता म्हणून मी तो फिरवला. मग म्हटलं, आपलाच नंबर समोर असू दे.

घाटमाथा
यापेक्षा चांगला उपाय मला सुचला नसता. एवढीच भर घालतो: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, हे ते स्वतःच सांगतात. आणि एज ब्राउझरमध्ये २०२५ पासून अशी पूर्ण स्क्रीन अडवणारी पानं ओळखून थांबवायची सोय आली आहे, स्केअरवेअर ब्लॉकर. सेटिंग्जमध्ये चालू आहे ना, तेवढं बघा.

निर्भीड२१
मोगरा, मी कठोर बोललो. माझ्याही वडिलांनी मागे एक गोष्ट लपवली होती, पैशांचीच. तेव्हा मी काय बोललो ते तुमच्यामुळे आठवलं. माफ करा. एक माहितीची भर: बँकेला तीन दिवसांत कळवलं तर सगळे पैसे परत मिळतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

मोगरा
मोठ्या मनाने लिहिलंत, निर्भीड. फक्त तो नियम तसा नाही. आम्ही त्यातून गेलोय, म्हणून ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मला जवळजवळ पाठ आहे. चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, तिसरीकडेच गडबड झाली, तेव्हा तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर आपल्यावर काही येत नाही. पण ओटीपी किंवा पासवर्ड आपण स्वतः दिला असेल, तर कळवेपर्यंत गेलेले पैसे आपले. कळवल्यानंतर जे जातील ते बँकेचे. म्हणून दिवस नाही, मिनिटं मोजायची. आधी १९३०, लगेच बँक, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार. आणि एनीडेस्कसारखं काही दिलं असेल, तर नेट तोडून पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदलायचे, त्याच कॉम्प्युटरवरून नाही.

वडाची_पारंबी
भाच्याच्या बाबतीत झालेला नवा प्रकार सांगते. तो कॉलेजात शिकतो, म्हणजे हे वयाशी निगडित नाहीच. प्रोजेक्टसाठी काहीतरी शोधत होता, ‘मी रोबोट नाही’ची खूण आली. खूण केल्यावर पान म्हणालं: खात्री करण्यासाठी विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. त्याने केलं. दोन दिवसांत त्याचं इन्स्टाग्राम आणि मेल दोन्ही दुसऱ्याच्या ताब्यात.

शून्यएक
याला क्लिकफिक्स म्हणतात, २०२४ पासून फार वाढलंय. खूण केली की ते पान एक आज्ञा गुपचूप आपल्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे, ठेवतं. विंडोज-आर ने ‘रन’ची खिडकी उघडते, कंट्रोल व्ही ने ती आज्ञा तिथे चिकटते आणि एंटर आपणच मारतो. साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन चोरणारा प्रोग्रॅम त्यातून येतो. कोणतीही खरी साइट माणूस ओळखायला कीबोर्डवर असलं काही करायला लावत नाही. भाच्याचा पीसी मात्र फॉरमॅट करा, तिथे तो योग्य आहे. पासवर्ड सगळे बदला, दुसऱ्या यंत्रावरून.

चहाबाज
मग अँटिव्हायरस विकत घ्यावा की नाही? इथे दोन तट पडणार हे माहीत आहे, तरी विचारतो.

घाटमाथा
माझं मत: घरच्या वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो, अपडेट चालू ठेवले तर. विकतचा घ्यायचा तर तोही चांगला, पण एकच, दोन नकोत. कोणताही अँटिव्हायरस माणसाला फोन फिरवण्यापासून अडवू शकत नाही.

सांजवात, मनातली शंका फेडायला एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, आणि तळाचा ‘ऑफलाइन स्कॅन’. कॉम्प्युटर स्वतःच बंद होऊन सुरू होतो आणि साधारण पंधरा मिनिटं तपासतो. बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा चादर.

चौथी पाटी राहिली. ती खरी आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवता येतात, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला, तर त्याचे पैसे लागत नाहीत. चार कॅसेटना तेवढा अवधी पुष्कळ. त्यानंतर टक्सभाऊंना बोलावू.

टक्स_प्रेमी
चिपळूणला स्वखर्चाने येईन. मिसळ मात्र पाहिजे.

सांजवात
सगळ्यांना सविस्तर सांगायचं म्हणून रविवारपर्यंत थांबले.

बाबांनी सगळं स्वतः केलं, मी फक्त व्हिडिओ कॉलवर होते. नोटिफिकेशनच्या यादीत नऊ साइट निघाल्या. त्यांतली एक बाबांनी लगेच ओळखली. सातबारा काढायला गूगलवर शोधलं तेव्हा महाभूमीच्या खऱ्या साइटऐवजी तसंच नाव असलेली दुसरीच उघडली होती, शेवटी गव्ह डॉट इन नव्हतं. तिथे ‘तुम्ही रोबोट नसाल तर अलाउ दाबा’ असं आलं होतं. बाबा म्हणाले, मी रोबोट नाही म्हणून दाबलं, यात माझं काय चुकलं? मी म्हटलं, काहीच नाही चुकलं.

चौकट बंद झाली, एकही नाही आली. सेल गावातल्या घड्याळजीकडे मिळाला, ३५ रुपये. दुरुस्तीवाल्यांनीच बसवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाले, तारखेचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं. बँकेची साइट उघडते. ऑफलाइन स्कॅनमध्ये काही सापडलं नाही. विंडोजची नोंदणीही झाली.

मोगरा, कागद चिकटवलाय. तुमच्या सल्ल्याप्रमाणे खाली माझा नंबर. बाबांनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ घातली आहे: बारीक अक्षरे आधी वाचणे.

काल दुपारी त्यांचा फोन आला. मी घाबरूनच उचलला. म्हणाले, बारावी कॅसेट लावली आहे, आजी मधेच कोणाला तरी ओरडतेय, ऐक, तो मी आहे.

मोगरा
ऐकायला मिळेल का हो आम्हाला? एखादी तरी ओवी?

सांजवात
बाबांना विचारते. ओरडण्यासकट मागते.